गल्ल्याचे कुलूप आणि माणसाचा भरवसा



आपल्या धर्मग्रामात दुकानदार आहेत आणि दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभे राहून घर चालवणारी मुले-मुलीही आहेत. रविवारच्या मिस्साला दोघेही एकाच बाकावर बसतात. गेल्या काही महिन्यांत या दोघांकडून एकच प्रश्न आमच्याकडे आला, पण दोन बाजूंनी. दुकानदार विचारतात, "फादर, बिलाच्या संगणकावर आम्ही प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला आणि अधिकार कमी केले. बिल रद्द करायचे किंवा भाव बदलायचा तर आता मालकाचा पिन लागतो. जुनी माणसे रुसली आहेत. यात आमचे काय चुकले?" काउंटरवरची मुलगी विचारते, "फादर, इतकी वर्षे गल्ला माझ्या हातात होता. आता एक आकडा चुकला तरी मालकांना हाक मारावी लागते. मी चोर आहे का?"

प्रश्न संगणकाचा दिसतो, पण आहे तो भरवशाचा. एकाला नुकसानीची भीती आहे, दुसरीला अपमानाचे दुःख आहे. आपल्याकडे अशा वेळी दोन म्हणी ऐकू येतात. मालक म्हणतो, "विश्वास पानिपतात गेला." आणि नोकर कुरकुरला तर त्याला सुनावले जाते, "कर नाही त्याला डर कशाला?" या दोन म्हणींनी वाद मिटतो, पण विचार होत नाही. म्हणून आज आपण हा प्रश्न थोडा शांतपणे उलगडून पाहू.

कुलूप नेमके कशाला?

आधी व्यवहार समजून घेऊ. पूर्वी गल्ला म्हणजे लाकडी खण आणि शेजारी एक वही. आज त्या जागी संगणक, बारकोड वाचणारे यंत्र, बिलाचा प्रिंटर आणि बिल झाले की आपोआप उघडणारा पैशांचा खण असतो. या संगणकावर अनेक कामे होतात. माल नोंदणे, पैसे घेणे आणि बिल देणे ही काउंटरवरची रोजची कामे. भाव बदलणे, मोठी सवलत देणे, झालेले बिल रद्द करणे, परत आलेल्या मालाचे पैसे देणे, विक्री नसताना खण उघडणे, तारीख बदलणे, जुनी नोंद पुसणे ही कामे त्याहून वेगळी. दुकानदार जेव्हा अधिकार कमी करतो, तेव्हा पहिली कामे नोकराकडे ठेवून दुसरी कामे स्वतःकडे किंवा देखरेख करणाऱ्याकडे घेतो.

असे का करतात, हे ज्याने दुकान चालवले त्याला सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक रोख पैसे देऊन, बिल न घेताच निघून जाते. मागाहून ते बिल रद्द केले, तर संगणकाच्या लेखी विक्री झालीच नाही, आणि खणातली तेवढी रक्कम कोणाच्याही खिशात गेली तरी संध्याकाळचा हिशेब बरोबर जुळतो. ओळखीच्या माणसाला गुपचूप सवलत देणे हा त्याचाच दुसरा प्रकार. संध्याकाळी जुळलेला हिशेब मालकाला समाधान देतो. महिनाअखेरीस फळीवरचा माल मोजला की तूट दिसते, पण तोपर्यंत कोणाचा हात लागला हे सांगणारे काहीच उरलेले नसते.

पण चोरी हे एकच कारण नाही. १९७५ साली जेरोम साल्ट्झर आणि मायकल श्रोडर या दोन संगणकतज्ज्ञांनी माहितीच्या सुरक्षिततेवर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी एक साधे तत्त्व मांडले: प्रत्येकाला आपले काम पुरे करण्यासाठी जेवढा अधिकार लागतो तेवढाच असावा. यामागचे त्यांचे पहिले कारण चोरीचे नव्हते. अपघाताने किंवा चुकीने होणारी हानी मर्यादित राहावी, असे त्यांचे म्हणणे होते. हे लक्षात घेण्याजोगे आहे. सर्व अधिकार असलेल्या युजरवर बसून कोणी पेन ड्राइव्ह लावला आणि व्हायरस शिरला, किंवा घाईत चुकीची कळ दाबली जाऊन मालाची यादीच पुसली गेली, तर त्या माणसाच्या मनात काही वाईट नसते. तरीही दुकान दोन दिवस बंद पडते. ज्याच्या हातून असे घडू शकत नाही, त्याच्यावर त्याचा ठपकाही येत नाही.

लाच न खाणारा रोखपाल

गल्ल्याच्या यंत्राचा जन्मच या काळजीतून झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन या गावी जेम्स रिटी नावाचा मद्यालयाचा मालक होता. काउंटरवरची माणसे पैसे परस्पर खिशात टाकतात, या चिंतेने तो हैराण झाला होता. १८७८ साली बोटीने युरोपला जाताना त्याने बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहिले आणि त्याला वाटले, फेरे मोजता येतात तर विक्री का मोजता येऊ नये? भाऊ जॉन याच्यासह त्याने १८७९ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्राचे नाव 'लाच न खाणारा रोखपाल' अशा अर्थाचे होते. पुढे अशा यंत्रांना घंटा असे. विक्रीची नोंद झाली की घंटा वाजे आणि दुकानात दूर असलेल्या मालकाच्याही कानी पडे. आज आपल्या भाजीवाल्याकडे क्यूआर कोडच्या शेजारी ठेवलेला छोटा स्पीकर पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगतो. यूपीआय २०१६ साली आले, पण काम त्या जुन्या घंटेचेच.

त्या नावात एक गंमत आहे आणि एक धोकाही आहे. यंत्र लाच खात नाही, कारण त्याला भूक नाही, मुलांची फी भरायची नाही, हेवा वाटत नाही. ज्याला मोहच होत नाही त्याच्या प्रामाणिकपणाला आपण सद्गुण म्हणत नाही. सद्गुण माणसाचाच असू शकतो, कारण चुकण्याची शक्यता असूनही तो योग्य ते निवडतो. म्हणून दुकानात कितीही चांगले यंत्र बसवले, तरी प्रामाणिकपणा यंत्रात येत नाही. तो काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसातच असतो किंवा नसतो. यंत्र फक्त नोंद ठेवते आणि काही दारे बंद ठेवते. यंत्राकडून एवढीच अपेक्षा ठेवली तर ते उपकारक आहे.

योसेफाची गोष्ट

आता त्या मुलीचा प्रश्न घेऊ: "मी चोर आहे का?"

उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायात योसेफाची हकिकत आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा तरुण पोटीफरच्या घरी कामाला लागतो. धन्याचा त्याच्यावर इतका भरवसा बसतो, की सारे घरदार तो त्याच्या हाती सोपवतो आणि स्वतः कशातच लक्ष घालत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर घरातला एकूण एक पासवर्ड योसेफाकडे होता. फक्त एक गोष्ट त्याच्या कक्षेबाहेर होती, ती म्हणजे धन्याची पत्नी. ही मर्यादा योसेफाला अपमान वाटली नाही. उलट ती बाई मोहात पाडू लागली तेव्हा त्याने त्या मर्यादेचाच आधार घेतला: धन्याने सगळे माझ्या हाती दिले, तुला तेवढे दिले नाही, मग मी हे कसे करू? मर्यादा ठाऊक असल्यामुळे त्याला नकार देणे सोपे गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. बाईने त्याच्यावर खोटा आळ घेतला. घरात दुसरे कोणी नव्हते. पुरावा म्हणून तिच्या हाती त्याचे वस्त्र होते, आणि ते वस्त्र खोटी साक्ष देत होते. काल सगळे घर ज्याच्या हाती होते, तो आज तुरुंगात गेला. योसेफ निर्दोष होता. त्याला 'कर' नव्हता, पण 'डर' असायला हवा होता, कारण त्याच्या बाजूने बोलणारे काहीच नव्हते.

बंधुभगिनींनो, ज्या दुकानात चार जण एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने संगणकावर बसतात, तिथे रोज असेच घडू शकते. संध्याकाळी आठशे रुपये कमी पडले. कोणी घेतले? संगणक सांगतो, 'काउंटर एक'ने. काउंटर एक म्हणजे चौघेही. मग संशय कोणाकडे वळतो? मालकाच्या भाच्याकडे सहसा वळत नाही. तो वळतो नव्याने लागलेल्या मुलाकडे, परगावाहून आलेल्याकडे, ज्याच्या घरी आजारपण आहे आणि ज्याने परवाच उचल मागितली होती त्याच्याकडे. म्हणजे सर्वात गरीब माणसाकडे. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण अशाच ठिकाणी खरी होते. ज्याला चांगला शेजार, नातलग किंवा वशिला नाही, त्याच्या बाजूने निदान एक नोंद तरी उभी असावी. दोन वाजून दहा मिनिटांनी ते बिल कोणाच्या नावाने रद्द झाले, हे संगणक सांगू शकत असेल, तर तो त्या गरिबाचा साक्षीदार आहे.

म्हणून त्या मुलीला आम्ही सांगू: वेगळा पासवर्ड हे तुझ्यावरच्या अविश्वासाचे चिन्ह असलेच पाहिजे असे नाही. तो तुझ्या नावाची सही आहे. जे तू केले नाहीस ते तुझ्या माथी येऊ नये म्हणून ती सही जप. मैत्रिणीने मागितला तरी तुझा पिन देऊ नकोस, आणि तिचा तूही घेऊ नकोस.

मोहाच्या वाटेवर

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज पित्याकडे मोहापासून राखण्याची विनंती करतो. ही विनंती फक्त दुबळ्या माणसांनी करायची असे प्रभूने सांगितले नाही. शिष्यांनाही तीच प्रार्थना शिकवली. संत असो वा पापी, मोहाच्या वाटेवर उगाच उभे राहू नये, एवढा नम्रपणा त्या प्रार्थनेत आहे. मग जो मालक गल्ला उघडा टाकतो, सर्वाधिकार असलेला युजर दिवसभर चालू ठेवतो, महिनोन्महिने माल मोजत नाही, आणि एक दिवस नोकर सापडला की पोलिसांकडे धावतो, त्याला आपण निव्वळ पीडित म्हणावे का? चोरीचे पाप चोराचेच. पण एकोणीस वर्षांच्या मुलापुढे वर्षभर मोह मांडून ठेवणे, हेही आपल्याला प्रार्थनेत आठवायला हवे.

कोणी म्हणेल, प्रभूने यहुदाच्या हातून थैली काढून घेतली नाही. खरे आहे. यहुदा थैलीतले पैसे चोरत असे, अशी नोंद संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात करतात. प्रभूने त्याला शेवटपर्यंत परतण्याची संधी ठेवली. पण आपण प्रभू नव्हे. आपल्याला अंतःकरणे वाचता येत नाहीत आणि दुसऱ्याच्या चुकीची किंमत आपण तिसऱ्याकडून वसूल करतो. पुढे ख्रिस्तसभेने काय केले तेही पाहा. जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना संत पौल एकटे गेले नाहीत. कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून त्यांनी मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर असण्याची व्यवस्था केली, हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात येते. पौलांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका होती म्हणून नव्हे; देवापुढे आणि माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसावा म्हणून.

अंगठी कोणाच्या बोटात?

इथवर वाचून दुकानदार बंधू समाधान पावले असतील. आता त्यांच्याकडे वळू.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो यांच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एका अंगठीची कथा येते. एका मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की तो अदृश्य होतो. हे कळल्यावर तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. प्रश्न असा: अशी अंगठी एका भल्या आणि एका बुऱ्या माणसाला दिली, तर दोघांच्या वागण्यात फरक राहील का?

बिलाच्या संगणकावर ही अंगठी कोणाच्या बोटात असते? नोकराच्या नव्हे. ज्याच्याकडे सर्वाधिकार आहेत, जो नोंद करू शकतो आणि केलेली नोंद मागे खूण न ठेवता पुसू शकतो, त्याच्या बोटात. म्हणजे मालकाच्या, त्याच्या मुलाच्या किंवा विश्वासातल्या मॅनेजरच्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायातला कारभारी आठवा. धन्याच्या ऋणकोंना बोलावून त्याने शंभराचे पन्नास आणि शंभराचे ऐंशी लिहून घ्यायला लावले. कागद त्याच्या ताब्यात होते म्हणून त्याला हे जमले. साध्या गड्याला ते करता आले नसते.

आणि याहूनही कठीण एक गोष्ट बोलायला हवी. दिवसभर नोकराला एक बिलही रद्द करू न देणारा मालक रात्री शटर अर्धे ओढून रोखीची वीस बिले स्वतःच पुसून टाकतो, म्हणजे कर भरायला नको. २०१७ साली जीएसटी आला तरी ही सवय गेली असे आम्हांला वाटत नाही. मागे झाडू मारणारा मुलगा हे पाहत असतो. त्या दुकानात नियम काय आहे, हे त्याला त्या रात्री कळते. नोंद पुसणे वाईट, असे त्याला वाटत नाही. नोंद पुसणे हा मोठ्यांचा अधिकार आहे, असे तो शिकतो. उद्या संधी मिळाली की तोही मोठा होईल. कुंपणच शेत खात असेल, तर गुरांना हाकलण्याचा नैतिक अधिकार कुंपणाला उरत नाही.

म्हणून न्याय्य मर्यादेची पहिली खूण ही: ती वरपर्यंत लागू असते. मालकाला अधिक अधिकार असावेत, पण त्याच्या हातून झालेल्या बदलाचीही नोंद राहावी. १ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांना हिशेबाचे असेच सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. आपली छोटी दुकाने कंपनी कायद्याखाली सहसा येत नाहीत. पण जे तत्त्व कंपनीच्या संचालकांना लागू पडते, ते किराणा दुकानदाराच्या सद्सद्विवेकाला लागू पडू नये असे काही नाही.

आम्हा धर्मगुरूंनाही ते लागू आहे. १२१३ साली पोप इनोसंट तिसरे यांनी क्रुसेडसाठी जमणाऱ्या दानाच्या पेट्यांना तीन किल्ल्या असाव्यात असे फर्मावले: एक प्रामाणिक धर्मगुरूकडे, एक भाविक प्रापंचिकाकडे आणि एक संन्यस्ताकडे. धर्मगुरू प्रामाणिक असावा असे सांगूनही एकट्याच्या हाती पेटी दिली नाही. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असावीच लागते. दानपेटी उघडताना दोन-तीन माणसे समोर बसतात, तेव्हा आम्हांला त्यात अपमान वाटत नाही. उलट रात्री शांत झोप लागते.

मर्यादा आणि पाळत

सगळीच बंधने सारखी नसतात. मर्यादा कामाला असते, पाळत माणसावर असते. "परताव्याचे काम दोघांनी मिळून करायचे" ही मर्यादा झाली. ती कोणाच्याही बाबतीत सारखीच आहे. ती मुलगी काउंटरवर बसली की कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे वळवणे, ती कितीदा पाणी प्यायला गेली ते मोजणे, घरी जाताना सगळ्यांसमोर तिची पर्स उघडायला लावणे ही पाळत झाली. गल्ल्यावर कॅमेरा असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या दुकानात मर्यादा नीट आखल्या आहेत तिथे पाळतीची गरज कमी पडते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या 'लाबोरेम एक्झरचेन्स' या परिपत्रकात आग्रहाने सांगितले, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. काउंटरमागचा माणूस हा गल्ल्याच्या यंत्राचा एक सुटा भाग नव्हे.

मर्यादा अति घट्ट केली तर ती आपोआप खोटी पडते, हेही अनुभवाने दिसते. नाताळच्या आठवड्यात दुकानात रांग लागली आहे. दोनऐवजी तीन केक टाइप झाले. ही चूक सुधारायलाही मालकाचा पिन हवा, आणि मालक जेवायला घरी गेले आहेत. गिऱ्हाईक ओरडते, मुलगी रडकुंडीला येते. दुसऱ्या दिवशी मालक वैतागून आपला पिन चिठ्ठीवर लिहून खणाला चिकटवतात. आता कुलूप आहे आणि किल्लीही त्यालाच लटकते आहे. शिवाय यापुढे जे काही होईल ते मालकाच्या नावावर नोंदले जाईल. खरे करणारा झाकला गेला आणि नोंद खोटी बोलू लागली.

संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याविषयी लिहिताना एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. मानवी कायद्याने प्रत्येक दोष बंद करू पाहू नये. बहुतेक माणसे अपूर्ण असतात, आणि ज्या दोषांनी दुसऱ्यांची हानी होते ते मुख्यतः रोखावेत. दुकानातही असेच करावे. बिल पुरे होण्याआधीची चूक नोकराला स्वतः सुधारता यावी. समजा, दोनशे रुपयांपर्यंतचा परतावा त्याला एकट्याला देता यावा. त्यापुढे दुसऱ्याची संमती लागावी. आणि मालक नसताना ती संमती देणारा एक माणूस दुकानात हजर असावा, त्याच्या स्वतःच्या पिनसह.

गल्ल्यातल्या तुटीविषयीही एक शब्द. तूट आली की न विचारता पगारातून कापून घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ज्याच्या निष्काळजीपणाने तूट आली असेल त्याच्याकडून तेवढीच रक्कम घेता येते, आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, असे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. चौघांच्या सामाईक पासवर्डवर आलेली तूट चौघांत वाटून कापणे म्हणजे तिघा निरपराधांना दंड करणे. कामगाराची मजुरी दाबून ठेवण्याविषयी पवित्र शास्त्र किती कडक बोलते, हे संत याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय उघडून घरी वाचावे.

घरी नेण्यासाठी

दुकानदार बंधुभगिनींनो, कुलूप घालायचे तर ते सांगून घाला. सकाळी दुकान उघडण्याआधी सगळ्यांना बोलावून काय बदलले आणि का बदलले ते समजावा. जुन्या माणसाला आधी सांगा, मग नव्याला. एवढ्याशा गोष्टीनेही मान राखला जातो. आपल्या मुलाला आणि भाच्यालाही तेच नियम लावा. दिवस संपताना नोकराने आधी रोकड मोजून आकडा लिहावा आणि मग संगणकाचा आकडा पाहावा, म्हणजे आकडा जुळवून दाखवण्याचा दबाव त्याच्यावर येत नाही. दहा-वीस रुपयांची तफावत माणसाकडून होतेच, ती गुन्हा मानू नका. नोकर काम सोडून गेला की त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करा, नाहीतर त्याच्या माघारी त्याचे नाव वापरले जाईल. आणि जो वर्षानुवर्षे चोख वागला, त्याच्या अधिकारात भर घाला. थोड्यात विश्वासू राहिलेल्याला पुष्कळ सोपवावे, हे प्रभूनेच शिकवले आहे. मर्यादा कधीच सैल होत नसेल, तर ती मर्यादा नव्हे, तो कायमचा संशय आहे.

काउंटरवर काम करणाऱ्या मुला-मुलींनो, नियम पटला नाही तर शांतपणे कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे. पण नियमाला अपमान समजून मन कडू करून घेऊ नका. मालकाच्या क्यूआर कोडवर आपला कोड चिकटवणारे, सुट्ट्या पैशांत गिऱ्हाइकाला फसवणारे आपल्या आसपास आहेत. त्यांच्यामुळे तुमच्यावर संशयाची सावली पडते, आणि तुमच्या नावाची स्वच्छ नोंदच ती दूर करू शकते. दुसऱ्याला चोरी करताना पाहिले, तर गप्प बसून त्याच्या पापात वाटेकरी होऊ नका. आणि हातून काही घडले असेल, तर प्रायश्चित्त संस्काराचे दार उघडे आहे. मात्र क्षमेबरोबर घेतलेले परत करणेही आले, हे विसरू नका.

शेवटी राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील १२ व्या अध्यायाकडे आपले लक्ष वेधतो. योवाश राजाच्या काळात मंदिराची डागडुजी रखडली होती. पैसा येत होता, काम होत नव्हते. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा लेखनिक आणि प्रमुख याजक असे दोघे मिळून पैसे मोजत. एकट्याने मोजायचे नाही, ही रीत. आणि त्याच अध्यायात, चार ओळी पुढे, असे सांगितले आहे की हे पैसे ज्यांच्या हाती कारागिरांना देण्यासाठी सोपवले जात, त्यांच्याकडून कोणी हिशेब मागत नसे, कारण ती माणसे प्रामाणिकपणे वागत.

पेटीला झाकण आणि माणसांवर भरवसा, दोन्ही एकाच मंदिरात, एकाच राजाच्या काळात होते. झाकणामुळे भरवसा मेला नाही. वरचे लोक स्वतः दोघांत मोजायला तयार झाले, म्हणून खालच्यांवर भरवसा ठेवणे त्यांना जमले. आपल्या दुकानातही हाच क्रम राहावा: बंधन आधी स्वतःला, मग दुसऱ्याला.

आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांना परमेश्वर स्वच्छ हात आणि निर्भय मन देवो.

आपले धर्मगुरू